गच्चीवर की माळावर? घरगुती पवनचक्की घेण्याआधी करायचा हिशेब

साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर फिरून आलेला माणूस बरेचदा एक प्रश्न घेऊन परततो: असली एखादी छोटी चक्की आपल्या गच्चीवर नाही का बसणार? बसते की. काहीशे वॉटपासून दहा किलोवॅटपर्यंतच्या चक्क्या बाजारात मिळतात आणि विकणारे घरी येऊन लावूनही देतात. पण ती वर्षाला किती युनिट देईल, हे पैसे मोजण्याआधी कळायला हवं. ते चक्कीच्या कॅटलॉगवरून कळत नाही, तुमच्या जागेच्या वाऱ्यावरून कळतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांतल्या गच्चीवर पवनचक्की घेऊ नये. तेच पैसे सौर पॅनेलवर लावावेत. मात्र कोकणातला उघडा सडा, सह्याद्रीच्या माथ्यावरचं पठार, कवठे महांकाळकडचा उंच माळ किंवा साक्रीचा टापू अशा ठिकाणी शेतघर असेल आणि विजेची लाईन लांबून आणावी लागत असेल, तर हिशेब मांडून बघायला हरकत नाही. तो कसा मांडायचा, हे पुढे क्रमाने सांगतो. गुणाकार येत असला की पुरे.

पायरी १: वर्षाचं बिल एकत्र करा

वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे युनिट वहीत महिन्यावार लिहून काढा. नुसती बेरीज पुरत नाही, कारण वारा सगळे महिने सारखा नसतो. लाईनच नसेल तर दिवे, पंखे, फ्रिज, मोटर यांचे वॉट आणि रोजचे तास मांडा. १,००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट.

इथेच एक सोपी बचत करून घ्या. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास चालत असेल आणि त्याच्या जागी ३० वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा लावला, तर वर्षाला सुमारे १६४ युनिट वाचतात. असे तीन पंखे बदलले तर जवळपास ५०० युनिट झाले. कमी वाऱ्याच्या जागी छोटी चक्की वर्षभर फिरून साधारण तेवढेच देते, हे पुढच्या गणितात दिसेल.

पायरी २: वाऱ्याचा घन समजून घ्या

हा भाग घाईने वाचू नका. फसवणूक होते ती इथेच.

वाऱ्यातली शक्ती तीन गोष्टींवर ठरते: हवेची घनता, पाती फिरताना जे वर्तुळ व्यापतात त्याचं क्षेत्रफळ, आणि वाऱ्याचा वेग. घनता आपल्या हातात नाही. समुद्रसपाटीला ती घनमीटरला १.२ किलोच्या आसपास असते, उंच पठारावर थोडी कमी. हिशेबाला १.१ धरू. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे व्यास दुप्पट केला की वीज चौपट. आणि वेग? त्याचा घन घ्यायचा. वारा दुप्पट झाला की शक्ती आठपट. सेकंदाला ३ मीटर वाऱ्याचा घन २७, तर ६ मीटरचा २१६. म्हणून 'आमच्याकडे बऱ्यापैकी वारा असतो' या वाक्याला काही किंमत नाही. ४ मीटर आणि ५ मीटर हा फरक अंगाला फारसा जाणवत नाही, पण घन ६४ आणि १२५ आहेत, जवळजवळ दुप्पट.

शिवाय वाऱ्यातली सगळी शक्ती काढून घेता येत नाही. सगळी काढून घेतली तर हवा पात्यांमागे थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ही मर्यादा ५९.३ टक्के अशी मांडली. छोट्या चक्कीत जनित्र, तारा, इन्व्हर्टर यांतली गळती धरली की भर वाऱ्यात ३०-३५ टक्के मिळाले तरी चांगलं म्हणायचं. वर्षाची सरासरी २५ टक्के धरा.

आता जाहिरात तपासू. समजा पत्रकावर '३ किलोवॅट, पात्यांचा व्यास २ मीटर' असं लिहिलंय. २ मीटर व्यासाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर. वारा सेकंदाला १२ मीटर धरू, म्हणजे चांगलाच जोराचा. वाऱ्यातली शक्ती म्हणजे निम्मी घनता गुणिले क्षेत्रफळ गुणिले वेगाचा घन. घनता १.१ चा निम्मा ०.५५, गुणिले ३.१४, गुणिले १२ चा घन १,७२८. उत्तर येतं सुमारे २,९८५ वॉट. एवढी शक्ती त्या वाऱ्यातच आहे, सगळी मिळून! बेट्झची मर्यादा लावली तर १,७७० वॉट, आणि प्रत्यक्षात हजाराच्या आसपास. त्या पत्रकातले ३ किलोवॅट त्या पात्यांतून १२ मीटरच्या वाऱ्यात निघूच शकत नाहीत. जोडलेलं जनित्र कदाचित ३ किलोवॅटचं असेलही, पण वीज पाती गोळा करतात. म्हणून किलोवॅट नंतर विचारा, व्यास आधी विचारा. आणि हे किलोवॅट किती वेगाच्या वाऱ्यात, तेही लगेच विचारा.

वर्षाच्या अंदाजासाठी मी सगळे आकडे एकत्र करून एक सोपं सूत्र वापरतो:

वर्षाचे युनिट = १.८ × व्यासाचा वर्ग × सरासरी वेगाचा घन

व्यास मीटरमध्ये, वेग सेकंदाला मीटरमध्ये आणि तोही चक्कीच्या उंचीवरचा. यात २५ टक्के कार्यक्षमता आणि वाऱ्याचा वर्षभरातला चढउतार, दोन्ही धरलेले आहेत. २.५ मीटर व्यास आणि ५ मीटर वेग घेतला तर १.८ × ६.२५ × १२५, म्हणजे सुमारे १,४०० युनिट. तीच चक्की ३.५ मीटरच्या जागी नेली की ४८० च्या आसपास. प्रत्यक्षात त्याहून कमीच, कारण बहुतेक चक्क्या ३ मीटरच्या खाली वीज करतच नाहीत आणि अशा जागी निम्मा वेळ वारा त्याच्या खालीच असतो. तुलनेसाठी सांगतो, १ किलोवॅटचं सौर पॅनेल महाराष्ट्रात वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. त्यात फिरणारा एकही भाग नसतो.

पायरी ३: आधी डोळ्यांनी वारा वाचा

यंत्र आणण्याआधी काही महिने नुसतं बघा. ब्रिटिश आरमारातले फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या खुणांची एक पट्टी बनवली. ती पुढे जमिनीवरच्या खुणांसाठीही वाढवली गेली आणि आजही चालते. तोंडावर वारा जाणवतो, पानं सळसळतात: २ ते ३ मीटर. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात: साडेतीन ते साडेपाच. धूळ आणि कागद उडू लागतात: साडेपाच ते आठ. लहान झाडं आख्खी डोलतात: आठ ते साडेदहा. मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळणं कठीण होतं: ११ च्या पुढे.

म्हणजे चक्कीच्या पाटीवरचे वॉट हे बहुधा छत्री उलटवणाऱ्या वाऱ्यातले असतात. तुमच्या अंगणात वर्षात असे किती तास येतात, ते तुम्हीच सांगा. हवामानाच्या बातमीत वेग ताशी किलोमीटरमध्ये असतो, त्याला ३.६ ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात.

झाडंही साक्ष देतात. उघड्या पठारावरची झाडं एकाच बाजूला झुकलेली, वाऱ्याकडच्या अंगाला फांद्या कमी असलेली दिसली, तर तिथे वर्षानुवर्षं एकाच दिशेचा जोरदार वारा आहे. सरळ उभी, चहूबाजूंनी डेरेदार झाडं दिसली तर चक्कीचा विचार थोडा आवरता घ्या.

आपल्याकडचा वारा मुळात मोसमी. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा वारा सह्याद्रीला येऊन धडकतो, कड्यावरून चढताना दाबला जातो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. कोयनेच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांची एवढी गर्दी झाली ती याचमुळे. तिथली वर्षाची निम्म्याहून अधिक वीज या चार महिन्यांत येते. ऑक्टोबरची उष्मा सुरू झाली की पाती दिवसचे दिवस उभी राहतात. कोकण किनाऱ्यावर दुपारी खारे वारे आणि रात्री मतलई वारे असतात, ते रोजचे असले तरी मध्यम. किनाऱ्यापासून आत गेलं की तेही विरतात.

आता ही गोष्ट पायरी १ मधल्या महिन्यावार वहीशी ताडून पाहा. विहिरीवरची मोटर चालवायची म्हणून चक्की घेणाऱ्यांचं गणित इथे चुकतं. पाणी लागतं रब्बीला आणि उन्हाळ्यात. चक्की जोरात फिरते पावसाळ्यात, जेव्हा मोटर बंद असते.

पायरी ४: मग यंत्राने मोजा

वायुवेगमापक म्हणजे तीन वाट्यांचं गरगरणारं यंत्र. सोबत दिशा दाखवणारं वातकुक्कुट आणि नोंद ठेवणारा लॉगर घ्या. हातात धरून क्षणाचा वेग दाखवणारं स्वस्त यंत्र इथे कामाचं नाही. दर दहा मिनिटांची सरासरी नोंदवणारं हवं आणि ते चक्की जिथे येणार त्याच उंचीवर लावलेलं हवं. पूर्ण वर्ष मोजणं उत्तम. ते जमत नसेल तर निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा मोजा. नुसता जुलै मोजून चक्की घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला फसवणं.

नुसती सरासरीही दगा देते. एका जागी सतत ५ मीटर वारा आहे, तर घन १२५. दुसऱ्या जागी निम्मा वेळ २ आणि निम्मा वेळ ८, सरासरी पुन्हा ५, पण घनांची सरासरी २६०. म्हणून लॉगरमधून किती तास किती वेग होता, ही विभागणी काढून घ्या.

चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाचे वाऱ्याचे नकाशे तयार केले आहेत. ते जरूर बघा, पण उंची वाचून. ते ८०, १००, १२०, १५० मीटर उंचीचे असतात. या संस्थेच्या अंदाजात महाराष्ट्राची क्षमता १०० मीटरवर सुमारे ४५ गिगावॅट आणि १५० मीटरवर सुमारे १७४ गिगावॅट आहे, एवढा फरक उंचीने पडतो. मोकळ्या माळावर १०० मीटरला साडेसहा मीटर वारा असेल, तर १० मीटरला तो साधारण ४.७ होतो आणि त्यातली शक्ती उरते जेमतेम ३७ टक्के. विक्रेता नकाशातला आकडा दाखवून तुमच्या गच्चीचा हिशेब करत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

पायरी ५: मनोरा

छोट्या चक्कीत पुष्कळदा यंत्रापेक्षा मनोरा महाग पडतो आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. चालणारा ठोकताळा असा: १५० मीटरच्या आत जे सर्वांत उंच असेल, झाड, घर, टाकी काहीही, त्याच्याहून पात्यांचं खालचं टोक किमान १० मीटर वर असावं. शेजारी १० मीटरचा आंबा असेल तर मनोरा वीस मीटरच्या वर गेलाच. झाड वाढतं, हेही धरा.

कारण अडथळ्यामागे वारा नुसता मंदावत नाही, घुसळला जातो. घुसळलेल्या वाऱ्यात चक्की सारखी तोंड फिरवत राहते, वीज कमी येते आणि बेअरिंग लवकर जातात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर वाऱ्याच्या दिवशी पतंग उडवा आणि साध्या सुती दोऱ्याला दर दोन-तीन मीटरवर हलकी रिबन बांधा. ज्या उंचीवर रिबनी सरळ, एका दिशेला ताणलेल्या राहतात तिथून वर वारा स्वच्छ आहे. खालच्या फडफडत, गोल गोल फिरत असतील, तर तो पट्टा चक्कीच्या कामाचा नाही. विजेच्या तारांजवळ हे करू नका, आणि दोरा ओला असताना तर मुळीच नाही.

स्लॅबवर चक्की बसवायला माझा विरोध आहे. तिची थरथर कॉलममधून घरभर उतरते, रात्री झोपेच्या वेळी जास्त जाणवते आणि स्लॅबला चिरा गेल्या की पावसात गळतं ते वेगळंच. जमिनीवर, ताणाच्या तारांनी चारी बाजूंनी बांधलेला आणि बिजागरीवरून आडवा करता येणारा मनोरा घ्या. मग तेलपाणी जमिनीवर उभं राहून करता येतं. वादळाची सूचना आली की चक्की खाली निजवता येते. ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ आलेलं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मनोऱ्यापासून घर, रस्ता, शेजाऱ्याचा बांध आणि विजेची लाईन हे सगळं निदान त्याच्या उंचीएवढ्या अंतरावर हवं.

आणि अर्थिंग. उघड्या माळावर सर्वांत उंच धातूची वस्तू तुम्हीच उभी करताय. एप्रिल-मेच्या वळवात वीज तिच्याकडेच येणार. मनोऱ्याला आणि प्रत्येक ताणाच्या तारेला वेगळं अर्थिंग, आणि इन्व्हर्टरआधी सर्ज अरेस्टर म्हणजे विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत उतरवणारं उपकरण लावा. खडकाळ माळावर अर्थिंग नीट लागत नाही. तेव्हा खड्डे वाढवा आणि रोध मोजून घ्या.

पायरी ६: यंत्र निवडताना

आडव्या आसाची, तीन पात्यांची, शेपटीवर वाऱ्याकडे वळणारी साधी चक्की घ्या. उभ्या आसाच्या, पिळदार पात्यांच्या चक्क्या शोभिवंत दिसतात, मोठ्या हॉटेलांच्या आवारात शोभतातही, पण तेवढ्याच पैशांत वीज कमी देतात. छोट्या पवनचक्क्यांसाठी आयईसी ६१४००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार चाचणी झाली असेल तर त्याचा अहवाल आणि वेगानुसार वॉटचा आलेख मागा.

सौर पॅनेलपेक्षा एक मोठा फरक लक्षात ठेवा. पॅनेलची तार सोडून दिली तरी त्याला काही होत नाही. चक्कीवरचा भार अचानक काढला तर ती, चेन निघालेल्या सायकलच्या पायडलसारखी, सुसाट सुटते आणि पाती तुटेपर्यंत मजल जाते. म्हणून बॅटरी भरली की उरलेली वीज जाळून टाकणारा डम्प लोड म्हणजे मोठा हीटर आणि तो आपोआप जोडणारा कंट्रोलर हवाच. जोराच्या वाऱ्यात पाती वाऱ्यापासून बाजूला वळवणारी यंत्रणा आणि हाताने चालणारा ब्रेक, हेही विचारा. सौर कंट्रोलर चक्कीला चालत नाही. तसा लावून देणारे भेटतात.

पायरी ७: ऊन आणि वारा एकत्र

आपल्या हवामानात चक्की एकटी न लावता पॅनेलच्या जोडीला लावली तर तिचा खरा उपयोग होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आकाश भरलेलं, पॅनेल अर्धपोटी, आणि नेमका तेव्हाच पठारावर वारा भरात असतो. ऑक्टोबर ते मे उन्हाचं राज्य. त्यामुळे दोन्ही मिळून बॅटरी लहान लागते. लाईन नसलेल्या शेतघरासाठी मी आधी पॅनेलच घेईन. एक पावसाळा काढेन. बॅटरी कोणत्या दिवशी रिकामी पडते ते लिहून ठेवेन आणि ते दिवस वाऱ्याचे असतील तरच चक्की जोडेन.

लाईन असेल तर खरेदीआधी महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जाऊन नेट मीटरबद्दल (वापरलेल्या युनिटमधून तुम्ही लाईनला दिलेले युनिट वजा करणारा मीटर) विचारा, लेखी उत्तर मिळालं तर उत्तम. लाईनला जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा गेल्यावर आपोआप सुटणारा हवा. नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या चक्कीचा झटका बसेल. अनुदानाचंही पक्कं माहीत असू द्या: पंतप्रधान सूर्यघर योजनेत घरगुती सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत मिळतात, पवनचक्की त्यात बसत नाही.

हिशेब जमला नाही आणि तरी वाऱ्याची वीज वापरायची हौस असेल, तर ती मोठ्या चक्क्यांकडूनच घेतलेली बरी. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला पहिल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या ५५ किलोवॅटच्या होत्या. आज एकेक चक्की २ ते ३ मेगावॅटची किंवा त्याहून मोठी असते, तिची पाती शंभर मीटरहून उंच हवेत फिरतात, आणि मार्च २०२५ मध्ये देशाची एकूण क्षमता ५० गिगावॅटच्या पुढे गेली. घनाचं आणि वर्गाचं गणित त्यांच्या बाजूने आहे, घरगुती चक्कीच्या विरोधात. राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये ग्राहकांसाठी हरित दर, म्हणजे थोडे जादा पैसे देऊन वारा-उन्हासारख्या स्रोतांची वीज घेण्याची सोय, मंजूर केला. तेव्हा तो युनिटला ६६ पैसे जादा होता, आताचा दर महावितरणकडे विचारा.

पायरी ८: सही करण्याआधी

विक्रेत्याला त्याने निदान दोन पावसाळ्यांपूर्वी लावलेली, तुमच्यासारख्याच जागेची एखादी चक्की दाखवायला सांगा आणि स्वतः जाऊन बघा. पात्यांच्या कडा खरवडल्यात का, किनाऱ्याजवळ असेल तर बोल्टना गंज आहे का, ताणाच्या तारा सैल झाल्यात का, आवाज कसा येतो. सुट्या पात्यांचा संच आणि बेअरिंग किती दिवसांत मिळतात, कुठून येतात, दुरुस्तीला माणूस कोण येतो, हेही विचारा. विक्रेता जरा बाजूला गेला की मालकाला गाठा आणि गेल्या वर्षी किती युनिट आले ते विचारा. त्याने मीटरचा आकडा किंवा वही दाखवली तर तो १.८ च्या सूत्राशी ताडून बघा. 'फिरते हो चांगली' एवढंच उत्तर आलं तर चहा घ्या आणि आगाऊ रक्कम खिशात ठेवूनच परत या.